फार्म.डी.ची सहा वर्षे आणि नावामागचे ‘डॉ.’

प्रश्न (एक पालक): बारावीतील माझ्या मुलीला फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) करायचे आहे. बी.फार्म. ४ वर्षांत होते, एम.फार्म.ची २ धरली तरी तितक्याच काळात पदव्युत्तर पदवी हाती येते. मग प्रबंध न लिहिता मिळणाऱ्या या ‘डॉक्टर’ पदवीसाठी ६ वर्षे देणे योग्य आहे का?

फार्मसी शिक्षक: फार्मसी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने हा अभ्यासक्रम २००८ मध्ये आणला, तो संशोधक घडवण्यासाठी नव्हे, तर रुग्णाच्या खाटेपाशी औषधांचा विचार करणारी व्यक्ती तयार करण्यासाठी, त्यामुळे पीएच.डी.शी तुलना मला मुळातच गैरलागू वाटते. शेवटचे वर्ष पूर्णपणे इंटर्नशिपचे असते: ६ महिने जनरल मेडिसिन आणि इतर तीन विभागांत प्रत्येकी २ महिने. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्या रुग्णाला मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचे औषध लिहून दिले गेले, तर रक्तस्रावाचा धोका वाढतो हे पुस्तकातही असते; पण पंचवीस केसपेपरांतून नेमका तो रुग्ण वेळेत हेरणे आणि डॉक्टरांना पटेल अशा शब्दांत ते सांगणे वॉर्डातच शिकता येते. तो एक वर्षाचा काळ मी कमी करू देणार नाही.

रुग्णालयातील फार्मसिस्ट: कालावधीबद्दल सरांशी सहमत आहे, उपाधीबद्दल नाही. वॉर्डात ‘डॉक्टर’ म्हटले की रुग्ण निदान आणि उपचारांचीच अपेक्षा धरतो, आणि फार्म.डी.धारकाला तो अधिकार नाही. ब्रिटनमध्ये ४ वर्षांच्या एम.फार्म.नंतर (तिथली ही फार्मसीची पहिलीच पदवी) एक वर्ष प्रशिक्षण घेऊन फार्मसिस्ट होता येते. तिथे ‘डॉक्टर’ न म्हणवताही रुग्णसेवा उत्तम चालते. आपल्याकडे खरी उणीव क्लिनिकल फार्मसिस्टच्या, म्हणजे वॉर्डात रुग्णांच्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या फार्मसिस्टच्या, पदांची आहे. ती पदे पुरेशी नसल्याने इतके शिकलेली मुले अखेर औषधवितरणाच्या खिडकीवर बसतात किंवा फार्माकोव्हिजिलन्सच्या (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या) कंपन्यांत जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फार्म.डी. पदवीधर: उपाधीचा वाद बाजूला ठेवून, ताई, प्रवेशापूर्वी एवढे अवश्य पाहा: महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालय किती अंतरावर आहे, विद्यार्थी राउंडला रोज जातात की केवळ हजेरीपुरते, आणि तिथले डॉक्टर त्यांच्या सूचना केसपेपरवर नोंदवू देतात का. शक्य असल्यास पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना स्वतः भेटून विचारा. माहितीपत्रकावर विसंबून राहू नका.