आमच्या घरी ग्रॉमिट आला त्याची गोष्ट (ब्रिटिश विनोदी आणि घरच्यांसोबत बघितलेले अ‍ॅनिमेशनपट: तुमचेही अनुभव लिहा)

शाडूची_पेण

परवा भाचीने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "मावशी, हा पेंग्विन वाईट आहे का गं?" डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवून कोंबडा झालेला तो पेंग्विन! माझे दोन्ही हात मातीत, मोबाइल धरताही येईना. नुसती बघत राहिले आणि घशात आवंढा आला. २०२४च्या डिसेंबरात वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रॉमिट यांचा नवा सिनेमा आला, त्यात हा परत आलाय, ३१ वर्षांनी. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते बाबांच्या शेजारी बसून.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. भाऊ तेव्हा मुंबईला कलेचं शिकत होता. २००३च्या पावसाळ्यात तो एक सीडी घेऊन आला. 'द राँग ट्राउझर्स', १९९३चा, जेमतेम अर्ध्या तासाचा. जेवणं झाल्यावर घरचे आठ आणि कारखान्यातले दोघे, सगळे पुढच्या खोलीत. भाऊ सोडला तर इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. बाबा दारात उभे, तंबाखू मळत. पाच मिनिटांनी आत आले. आणखी थोड्या वेळाने टीव्हीच्या पुढ्यात उकिडवे बसलेले. आणि एकदम भावाला म्हणाले, "थांबव. जरा मागे घे."

वॉलेसचा गाल. गालावर बोटाचा ठसा! पुढे सरकवलं तर ठसा हललेला. "अरे, मातीचं आहे हे," बाबा म्हणाले. "हातानं केलंय कुणीतरी. अंगठा बघ, अंगठा."

आई म्हणाली, पण या कुत्र्याला तोंड कुठाय? खरंच ग्रॉमिटला तोंड नाही. तो सबंध सिनेमाभर एक शब्द बोलत नाही, भुंकतसुद्धा नाही. बाबा म्हणाले, "भुवई बघ त्याची. सगळी आखणी भुवईत आहे." आमच्यात मूर्तीत जीव येतो तो डोळ्यांच्या आखणीने. बाबांचा हात आखणीचा होता. सीझनला शेकडो मूर्तींचे डोळे ते एकटे करायचे आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरचा नियम. त्या माणसाने दुसऱ्या कुणाच्या आखणीला दाद दिलेली मी तेव्हाच ऐकली.

शेवटच्या आगगाडीच्या पाठलागात ग्रॉमिट धावत्या गाडीवर बसून पुढचे रूळ टाकत जातो ना, तेव्हा आमच्या घरात जो आरडाओरडा झाला तो भारत-पाकिस्तान मॅचलाही झाला नव्हता. सीडी त्या रात्री तीनदा लागली.

बाबा २०१९ला गेले. भाचीला सांगितलं, हो, वाईट आहे तो, पण नीट बघ कसा चालतो.

तुमच्या घरी असं काही लागलं होतं का? ब्रिटिश विनोदी म्हणा, कार्टून म्हणा, सगळ्यांनी मिळून बघितलेलं. लिहा.

ब्रिस्टलची_सून

ताई, अंगावर काटा आला. मी ब्रिस्टललाच असते. ग्रॉमिट बनवणारा आर्डमनचा स्टुडिओ इथलाच, दोन शाळासोबत्यांनी १९७२मध्ये सुरू केलेला. २०१३च्या उन्हाळ्यात गावभर ८० ग्रॉमिट उभे केले होते, प्रत्येक वेगळा रंगवलेला, मुलांच्या इस्पितळाला मदत म्हणून. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आलेल्या. रोज सकाळी दशम्यांचा डबा बांधून निघायच्या, गणपती बघायला निघावं तशा. गुडघे दुखायचे तरी बसने नको, चालतच. ५२ झाले. परत गेल्यावर फोनवर पहिला प्रश्न, "उरलेले २८ तू तरी बघितलेस का?"

कुकरची_तिसरी_शिट्टी

पॅडिंग्टन २!!! बाकी बोलणंच नाही. तुरुंगातल्या सगळ्या कैद्यांचे कपडे गुलाबी होतात तो भाग आमच्याकडे इतक्या वेळा झालाय की मुलगा पांढरा शर्ट धुवायला टाकताना लाल मोजा शोधून त्यात घालतो. ह्यू ग्रँट यांनी आयुष्यात केलेलं सगळ्यात भारी काम हेच, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. आत्ता नाही, कुकर झाला. येते.

औसा_रोड

पॅडिंग्टनबद्दल मलाही लिहायचं आहे. दुसऱ्या नाही, पहिल्या भागाबद्दल, २०१४चा.

३० सप्टेंबर १९९३. मी नऊ वर्षांचा होतो. भूकंपात आमचं गाव गेलं. त्यानंतर आम्हा पोरांना बसने पुण्याला शिकायला आणलं. शर्टाला टाचणीने कागद लावलेला, त्यावर नाव, गाव, घरचं कोण उरलंय.

लेकीला तो सिनेमा लावून दिला आणि मी सहज शेजारी बसलो. ते अस्वल स्टेशनवर एकटं उभं, गळ्यात चिठ्ठी, या अस्वलाला सांभाळा म्हणून. माणसं बाजूने जातायत. मी उठून गॅलरीत गेलो. बायको मागून आली, काही विचारलं नाही. तिला माहीत आहे.

नंतर वाचलं की मायकेल बाँड यांना ती चिठ्ठी सुचली ती युद्धात शहरांतून खेड्यांकडे पाठवलेल्या मुलांवरून. त्यांच्याही गळ्यात नावाच्या पट्ट्या असायच्या. म्हणजे कुणीतरी ते बघून लक्षात ठेवलं होतं.

वसतिगृहावर स्वयंपाकाच्या एक मावशी होत्या. पहिल्या रात्री त्यांनी माझ्या शर्टाचा कागद काढला, घडी करून माझ्या खिशात ठेवला, टाचणी स्वतःच्या पदराला लावली. सिनेमात मिसेस ब्राऊन थांबते तेव्हा मला त्या दिसतात.

शाडूची_पेण

दादा, काय लिहू. त्या मावशींना नमस्कार.

संत्रानगरी

औसा दादा, डोळे भरले.

मी नागपूरची, म्हणून विचारते, त्या अस्वलाचं मार्मालेड, म्हणजे सालीसकट केलेला संत्र्याचा जाम, कुणी घरी केलंय का? मुलगी मागे लागली आहे. संत्र्याचं केलं तर नुसता गोड पाक झाला, तो कडसरपणा येतच नाही.

ब्रिस्टलची_सून

इथे ते सेव्हिलच्या कडू संत्र्यांचं करतात, जानेवारीत येतात. आपल्या संत्र्याची साल फार पातळ. ईडलिंबू मिळालं तर बघ, नाहीतर मोसंबीची साल घाल. बारीक चिरून रात्रभर पाण्यात भिजत. बिया फेकू नकोस, फडक्यात बांधून सोबत उकळ, त्यानेच घट्ट होतं.

संत्रानगरी

बिया!! मी सगळ्या टाकून दिल्या होत्या. थँक्यू गं.

कक्ष_अधिकारी_निवृत्त

विषय विनोदी मालिकांचा आहे असे समजून लिहितो. माझी ३४ वर्षे मंत्रालयात गेली. मुलाने 'येस मिनिस्टर'च्या सीडी आणून दिल्या तेव्हा पहिला भाग बघून मी उठून दार लावले, शेजारी आमचे उपसचिव राहत होते. १९८०ची मालिका, लंडनची कचेरी, आणि माणसे सगळी ओळखीची. मंत्री साधा प्रश्न विचारतो. त्याचे सचिव सर हंफ्री उत्तर सुरू करतात, त्या वाक्याला चार वळणे, सहा पोटवाक्ये, आणि ते संपते तेव्हा आपण काय विचारले हे मंत्र्याच्या लक्षात नसते. आमच्याकडे इतके बोलावे लागत नाही. नस्तीवर 'चर्चा करावी' एवढा शेरा मारला की सहा महिने निश्चिंती.

मला त्यातला मंत्र्याचा खासगी सचिव बर्नार्ड फार आवडतो. दोघांच्या मध्ये उभा, दोघांशी प्रामाणिक राहायची धडपड करणारा. ती जागा फार अवघड असते. मी तिथे ११ वर्षे होतो. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसते ते लिहिणाऱ्यांना कचेरीत बसल्याशिवाय कळले नसते.

२००१मध्ये त्याचे हिंदी रूपांतर आले होते, 'जी मंत्रीजी', मंत्री फारूख शेख. गुणी नट, पण मूळ मालिकेतला भाषेचा पीळ हिंदीत उतरला नाही. मराठीत उतरेल. आपल्या शासकीय मराठीत तो जन्मजात आहे.

कुकरची_तिसरी_शिट्टी

काका, उपसचिवांनी बघितली का मग?

कक्ष_अधिकारी_निवृत्त

दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच सीडी मागून नेल्या. परत दिल्या नाहीत.

बोरिवली_स्लो

माईंड युवर लँग्वेज कुणीच नाही?? इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी मंडळींचा वर्ग, ती मालिका. आमच्या चाळीत व्हिडिओ भाड्याने आणून बघायचो. रणजित सिंगचं हात जोडून हजारदा माफी मागणं पाठ होतं. मग १९९३ला पंकज कपूरचं 'जबान संभाल के' आलं. धमाल. ट्रेन आली, नंतर लिहितो

लेस्टरकर

बोरिवली, राग मानू नका, पण मला नाही बघवत ती आता. लहानपणी मीही हसलो आहे. पण १९९६ला इकडे आलो आणि गोदामात पहिल्याच दिवशी मुकादमाने माझे उच्चार तसेच करून दाखवले. डोलणाऱ्या मानेसकट. सगळे हसले. घरी येऊन बराच वेळ आरशासमोर 'वेन्सडे' म्हणत बसलो होतो.

नंतर १९९८ला बीबीसीवर 'गुडनेस ग्रेशस मी' आलं. त्यात भारतीय मंडळी रात्री इंग्रजी हॉटेलात जेवायला जातात, वेटरच्या नावाची मोडतोड करतात, आणि मेनूत सगळ्यात फिकं काय आहे ते आणा म्हणतात. आमच्या घरात चार कुटुंबं होती तेव्हा. जमिनीवर लोळून हसलो. सोमवारी त्याच मुकादमाने येऊन विचारलं, ते बघितलंस का? त्याला पटलं होतं. नंतर आमचं चांगलं जमलं, त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो मी.

बोरिवली_स्लो

नाही हो, राग कसला. हे असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. खरं आहे तुमचं.

आजीची_नात_४

मिस्टर बीन. आजीला ऐकू यायचं बंद झालं होतं, मालिका बघून वैतागायची, सगळे नुसते तोंडं हलवतात म्हणायची. पोगोवर बीन लागला की मात्र आपणहून खुर्ची ओढायची. टर्की डोक्यात अडकते तो भाग बघून तिची कवळी निघून मांडीत पडली होती. तिच्या बरोबरीने हसायचं म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून बघायला लागलो. काहीच कमी वाटलं नाही. मूळचे भाग फक्त १५ आहेत हे मोठेपणी कळलं, मला वाटायचं शेकडो असतील. बीनचं काम करणारे अ‍ॅटकिन्सन इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहेत म्हणे. आजी असती तर म्हणाली असती, मग आमचा मिक्सर दे त्याला.

दोन_पोरांची_आई

चार वर्षांच्या मुलीला चिकन रन दाखवू का? घाबरेल का?

कुकरची_तिसरी_शिट्टी

थांब एखादं वर्ष. कोंबड्यांचे 'पाय' (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) करायच्या मशीनचा भाग आहे, त्याला आमचा थोरला रडला होता. आणि आठवडाभर कोंबडीचा रस्सा शिवला नाही. आधी शॉन द शीप लाव, त्यात बोलणंच नाही, लहानांना छान कळतं.

दोन_पोरांची_आई

बरं झालं विचारलं. रविवारी चिकनच आहे

चोवीस_चौकटी

पेणच्या ताई, तुमच्या बाबांची नजर भारी. मी पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकवतो आणि पहिल्या तासाला मुलांना तोच ठसा दाखवतो. ती प्लॅस्टिसिन, तेलात मळलेली, वाळत नाही. दिव्यांच्या उष्णतेने मऊ पडते, मग प्रत्येक हालचालीला बोटं उमटतात. वॉलेस-ग्रॉमिट घडवणारे निक पार्क यांना ते ठसे तसेच राहिलेले आवडतात. सेकंदाला २४ चौकटी; एक माणूस दिवसभर राबतो तेव्हा दोनेक सेकंद हाती लागतात. त्यांनी या जोडीचा पहिला सिनेमा १९८२ला विद्यार्थी असताना सुरू केला, पुरा झाला १९८९ला. सात वर्षं, २३ मिनिटं.

मला पिक्सारही आवडतं. 'अप'ची पहिली दहा मिनिटं बघून मी वडिलांना फोन केला होता. पण तिथे मी गोष्टीसाठी रडतो. ग्रॉमिट कपाळाला आठी घालतो तेव्हा ती आठी घालणारा माणूसही मला दिसत असतो, टेबलावर वाकलेला. मुलांना ते कसं शिकवायचं हे मला १२ वर्षांत नीट जमलेलं नाही. या वर्षी त्यांना पेणला घेऊन येऊ का? आखणी बघायला.

आणि १० ऑक्टोबर २००५ची आग माहीत असेलच. ब्रिस्टलच्या गोदामात जुने सेट, जुन्या बाहुल्या सगळं गेलं. त्याच आठवड्यात त्यांचा 'वेअर-रॅबिट' अमेरिकेत एक नंबरला होता. निक पार्क तेव्हा म्हणाले होते की दोन दिवसांपूर्वीच्या काश्मीरच्या भूकंपापुढे आमचं नुकसान काहीच नाही.

औसा_रोड

हे माहीत नव्हतं. बरं वाटलं वाचून.

शाडूची_पेण

सर, जरूर या. जुलैच्या शेवटी या, आखणी तेव्हा जोरात असते. आता भाऊ करतो. फक्त मुलांना सांगा, आखणी चालू असताना बोलायचं नाही.

आगीचं माहीत आहे. भावाने मुंबईहून फोन केला होता. ते वर्ष आमचंही तसंच. २६ जुलैचं पाणी कारखान्यात कमरेइतकं चढलं, खालच्या फळ्यांवरच्या मूर्ती रात्रीत विरघळल्या. सकाळी बाबा चिखलात उभे होते आणि कुठला चिखल बाहेरचा, कुठला मूर्तींचा, ते काही कळत नव्हतं. राहिलेल्या दिवसांत जेवढं झालं तेवढं केलं, कुणाची आगाऊ रक्कम बुडवली नाही.

ऑक्टोबरात भावाचा फोन आला तेव्हा मी बाबांना सांगितलं, तो कुत्रा केला होता ना, त्यांचं गोदाम जळलं. बाबा आंब्याच्या पेटीवर बसून ब्रश धूत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साचे वाचले का, विचार त्याला."

संत्रानगरी

ईडलिंबू मिळालं, बर्डीवर. साल भिजत घातलीये, बिया फडक्यात. साखर फळाइतकीच ना?