जालन्याचे डास वेगळे, जीन ड्राइव्ह वेगळा

काही जण म्हणतात की जीन ड्राइव्हवाले डास, म्हणजे ठरावीक जनुक जवळजवळ सगळ्या संततीत उतरवणारे डास, जालन्यात कधीच येऊन गेले. इथे गल्लत होतेय. २०१७ साली जालन्याजवळ दावलवाडीला ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीच्या, जनुक बदललेल्या एडिस (डेंगी पसरवणाऱ्या) नर डासांच्या चाचण्या सुरू झाल्या, पण त्या पिंजऱ्यात, आणि तंत्रही निराळं. त्या नरांची बहुतेक संतती वाढ होण्याआधीच मरते. नवे नर सोडणं थांबवलं की विषय संपला.

जीन ड्राइव्हचं बरोबर उलटं. एरवी एका पालकाकडचं जनुक साधारण निम्म्या पोरांत उतरतं. इथे जनुकासोबत क्रिस्परची (जनुक नेमक्या जागी कापणाऱ्या तंत्राची) कात्रीही जाते. ती दुसऱ्या पालकाकडून आलेलं गुणसूत्र नेमक्या जागी कापते आणि पेशी ती दुरुस्ती करताना ड्राइव्हचीच नक्कल उतरवून घेते! मग जवळजवळ सगळी संतती तेच जनुक घेऊन जन्मते. २०१८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या गटाने मलेरिया पसरवणाऱ्या अॅनोफिलिस गॅम्बिए डासांच्या 'डबलसेक्स' जनुकावर हे करून दाखवलं. दोन्ही प्रती बिघडलेली मादी अंडी घालत नाही, चावतही नाही. नर मात्र ठणठणीत, जनुक पसरवत फिरतात. पिंजऱ्यातली वसाहत ७ ते ११ पिढ्यांत साफ.

पिंजऱ्याबाहेरची गोष्ट अवघड. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशात २०१९ ला सोडलेले नर नुसते वांझ होते, ड्राइव्ह नव्हताच. तरी २०२५ मध्ये सरकारने तो प्रकल्प बंद पाडला. मला विज्ञानापेक्षा परवानगीचाच प्रश्न मोठा वाटतो. एका देशाने हो म्हटलं, तरी शेजाऱ्याला कोण विचारणार?