डांबरगोळे कुणी उचलायचे? पंचायतीच्या माथी मारणाऱ्यांना उत्तर

रापणकाराचा नातू
काल इथे एकाने लिहिलं की आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर येणारे डांबरगोळे (समुद्रात सांडलेल्या तेलाचे चिकट काळे गोळे) ज्या पंचायतीच्या हद्दीत पडतील तिने उचलावेत आणि खर्च शॅकवाल्यांकडून, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळवाल्यांकडून घ्यावा, कारण धंदा तेच करतात. वाचून डोकं तापलं म्हणून सविस्तर लिहितोय. आमच्या आजोबांची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होती, जाळ्यात गोळा अडकला की धुऊन निघायचाच नाही, तेवढा भाग कापून नवीन विणायला लागायचा आणि त्याची भरपाई कधी कुणी दिली नाही. मे लागला की नैऋत्येचा वारा समुद्रावरचं सगळं किनाऱ्याकडे ढकलतो, त्यात शॅकवाल्याचा काय दोष? प्रदूषण करणाऱ्याने भरायचं हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने १९९६ सालीच वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांवरच्या निकालात मान्य केलंय. आणि तेलगळतीच्या राष्ट्रीय आराखड्यात समुद्रात तटरक्षक दल, किनाऱ्यावर राज्य सरकार असं स्पष्ट आहे. पंचायत आली कुठून?

केरीकर
तो मीच. कायदे मलाही वाचता येतात. पण सकाळी सहा वाजता पोरं खेळायला गेली आणि पाय काळे करून आली तर मी राष्ट्रीय आराखडा घेऊन बसू का? जवळ कोण आहे? पंचायत. आधी साफ करा, भांडण मागून. रिव्हर प्रिन्सेस जहाज विसरलात? २००० च्या जूनमध्ये कांदोळीला रुतलं, जबाबदार कोण हे ठरवता ठरवता दशक उलटलं आणि किनारा खचला तो खचला. तिथे तर मालक माहीत होता!

वास्कोची
केरीकर, तुमचा राग कळतो, पण तुम्ही "आधी साफ करा" म्हणता तिथेच सगळा पुरावा जातो. जहाज माहीत असलं की पैसे निघतात. एमव्ही रॅक २०११ ला मुंबईजवळ बुडालं, हरित लवादाने २०१६ मध्ये जहाजवाल्यांना १०० कोटी लावले. २०२५ ला कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं तर केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा ठोकला आणि हायकोर्टाने त्याच कंपनीचं दुसरं जहाज अडकवून ठेवलं. आपल्या गोळ्यांवर नाव नसतं, म्हणून आपण फक्त दंताळी मारतो. पण नाव शोधता येतं हो. तेलातल्या होपेनसारख्या घटकांचं प्रमाण वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही, त्यावरून ते कुठल्या साठ्यातलं ते जुळवतात. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेने आपल्याकडचे गोळे मुंबईजवळच्या समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राच्या तेलाशी आणि टँकर धुतलेल्या तेलाशी जुळवून दाखवलेत.

मळ्यातला
टँकर सोडा, आपले ट्रॉलर बघा. रात्री नदीच्या मुखाशी बिल्ज (बोटीच्या तळाला साचलेलं तेलकट पाणी) बाहेर टाकायचा पंप चालू करतात आणि सकाळी पाण्यावर इंद्रधनुष्य. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) ते पाणी आत येतं, मागच्या वर्षी भाताच्या रोपांवर तेलकट थर मी स्वतः बघितलाय. खाडीतल्या तिसऱ्यांना (शिंपल्यांना) डिझेलचा वास येतो, घरात कुणी खात नाही.

कुटबण जेटी
झालं, आले ट्रॉलरवर! सगळ्या पापाचे धनी आम्हीच. इंजिनचं जुनं ऑइल कोण टाकणार, भंगारवाला पैसे देऊन नेतो. आणि १ जून ते ३१ जुलै बंदीत सगळे ट्रॉलर बांधलेले असतात, तरी गोळे येतातच ना? मग ते काय आम्ही घरी बसून पाठवले?

मळ्यातला
गोळ्यांचं नाही बोललो मी, बिल्जचं बोललो. विषय फिरवू नका.

कुटबण जेटी
विषय तुम्हीच फिरवला. एसीत बसून लिहायला काय जातं, एकदा तीन दिवस बोटीवर या, तळाला साचलेलं पाणी पंप नाही केलं तर बोट बुडेल. जेटीवर ते ओतायला टाकी आहे का? नाही. मी दोनदा लेखी मागितली.

मळ्यातला
एसी? मी चिखलात उभा राहून लावणी करतो बाब, तोंड सांभाळून बोला.

रापणकाराचा नातू
थांबा रे दोघे. टाकी नाही हे खरं आहे, तेवढं जेटीवाल्यांचं मान्य. पण मोठ्या जहाजांना इंधन सांडलं तर भरपाईसाठी विमा सक्तीचा आहे, १,००० टनांवरच्यांना, ट्रॉलर त्यात बसतच नाहीत. म्हणजे टँकरवाला निदान सापडला तर भरेल, तुमच्यातला सापडूनही कुठून भरणार?

कुटबण जेटी
...ते बरोबर आहे. पण टाकी आधी, दंड मागून.

केरीकर
नमुन्याचं मला माहीत नव्हतं, तेवढं वास्कोच्या बाईंचं पटलं. पण नमुना घेणार कोण? परत तीच पंचायत ना! म्हणजे मी अगदीच चुकीचं बोललो नव्हतो.

वास्कोची
घेऊ दे की. पंचायतीने बिल भरू नये, बाटली भरावी. स्वच्छ काचेची बाटली, प्लास्टिक नको, तारीख, वेळ, जागा लिहायची, फोटो काढायचा, प्रदूषण मंडळाला कळवायचं, मग दंताळी. अर्ध्या तासाचं काम आहे. दाबोळीला माटव्यात २०२३ ला विहिरींत पेट्रोल उतरलं तेव्हाही लोकांनी आधी बाटल्याच भरायला हव्या होत्या, तोंडी तक्रारीला कोण विचारतो.

रापणकाराचा नातू
रविवारी आमची ग्रामसभा आहे, ठराव मांडतो. साफसफाईच्या आधी नमुना, खर्च राज्याचा आणि वसुली सांडणाऱ्याकडून. जेटीवर बिल्जची टाकीही त्यातच घालतो.

कुटबण जेटी
टाकी घालणार असाल तर मी दहा जणांना घेऊन येतो. पण ठरावात ट्रॉलर हा शब्द नको.

मळ्यातला
शब्द राहणार. मीपण येतोय.