‘संसाराचा मोह सोडा’ म्हणजे नेमकं काय सोडा?

सांजवात
इंदूरला आम्हा सात-आठ मराठी ख्रिस्ती बायकांची दर बुधवारी प्रार्थनासभा असते, आळीपाळीनं एकेकीच्या घरी. ईस्टरआधीच्या उपवासकाळात वाचायला एक हिंदी मनन हाती आलं, ते मी मराठीत करत होते. त्यात होतं, ‘संसार का मोह छोड़ो. पाप छोड़ना काफ़ी नहीं, पाप से लगाव भी छोड़ो.’ मी घाईत लिहिलं, ‘संसाराचा मोह सोडा’. वाचून दाखवलं तर आमच्या मावशींनी (वय ८१) मला थांबवलं. म्हणाल्या, “अगं, हे गेले तेव्हा धाकटा दोन वर्षांचा होता. तीन मुलं वाढवली, तो माझा संसार. देवानंच हाती दिलेला. तो सोडायचा होता का?” त्यांचा आवाज भरून आला होता. मला काही बोलता आलं नाही.

‘संसार’च्या जागी आता ‘जग’ घातलंय. पण ‘लगाव’पाशी गाडी अडली आहे. ‘आसक्ती’ पोथीतली वाटते, ‘ओढ’ म्हटलं की माहेरच आठवतं. पाप तर सोडलं, पण त्याच्याविषयी आत जे उरतं त्याला आपण घरात काय म्हणतो?

मोडी
मावशींचा प्रश्न अगदी रास्त आहे. हिंदी बायबलात योहानाच्या पहिल्या पत्रात (२:१५) ‘संसार से प्रेम न रखो’ असं आहे. मराठीत तिथे ‘जगावर प्रीती करू नका’. ग्रीक शब्द ‘कोस्मोस’. मराठी भाषांतरकारांनी तिथे ‘संसार’ टाळला, तो बहुधा यासाठी की आपल्याकडे संसार मांडतात, थाटतात, सांभाळतात, कधी मोडतोही. हिंदीत संसार म्हणजे सगळी दुनिया.

पण लगेच पुढचं वचन बघा : ‘देहाची वासना, डोळ्यांची वासना व संसाराविषयीची फुशारकी’. इथे ‘संसार’ आलाच! कारण इथे ग्रीक शब्द बदलतो, ‘बिओस’ येतो, म्हणजे जगणं, उपजीविका, जवळची मालमत्ता. म्हणजे आपलं घरदार, आपली भांडीकुंडी. मावशींना सांगा, बोट संसाराकडे नाही, फुशारकीकडे आहे. हे वाचलं की त्या भाषांतरकारांचे हात धरावेसे वाटतात.

शब्दवेडा
‘लगाव’ला ‘आसक्ती’ हाच शब्द. सञ्ज् म्हणजे चिकटणे, त्याला आ उपसर्ग. ‘संग’ही त्याच धातूचा. अर्थ काटेकोर, शब्द आपला. अवघड वाटतो म्हणून सोडला तर उद्या आपल्याकडे शब्दच उरणार नाहीत. मध्य प्रदेशातल्या मंडळींना हिंदी शब्द आधी सुचतो, मग त्याला मराठी जोड शोधतात, हे उलटं चाललंय.

जुनी इंदूर
दादा, आमच्या कितीतरी पिढ्या इथे गेल्या. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. ‘काय करून राहिलाय’ असं आम्ही म्हणतो आणि पुण्याचे पाहुणे हसतात. पण ताईंनी ‘लगाव’ वापरू का असं विचारलंच नाहीये. त्या मराठी शब्दच शोधताहेत. ज्यांच्यासाठी वाचायचं त्या बायकांना कळायला नको? पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आयुष्याची शेवटची वर्षं बायबलाच्या भाषांतराला दिली, ते १९२४ साली त्यांच्या मागे छापून आलं. साध्या बाईला वाचता यावं म्हणूनच ना ती धडपड?

शब्दवेडा
रमाबाईंविषयी आदर आहेच. पण सोपं म्हणजे सैल नव्हे. ‘आसक्ती’ कीर्तनातून खेड्यापाड्यांत पोचलेला शब्द आहे, निरक्षर माणसालाही कळतो.

लाल चर्चची गल्ली
मी कॅथलिक आहे, इंदूरचीच. आमच्याकडे या काळाला हिंदीत ‘चालीसा’ म्हणतात. जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सालेस यांनी १६०९ साली छापलेल्या पुस्तकात नेमकी हीच गोष्ट लिहिली आहे. वैद्यानं खरबूज बंद केलेला रोगी खरबूज खात नाही, पण दिवसभर त्याचंच बोलतो, निदान वास तरी घेऊ द्या म्हणतो, खाणाऱ्यांचा हेवा करतो. इस्राएल लोक मिसर (इजिप्त) सोडून निघाले, पण मन तिथेच राहिलं. लोटाची बायको सदोम या पापी शहरातून बाहेर पडली आणि मागे वळून पाहिलं.

माझ्या बाबांनी तंबाखू सोडली तेव्हा मी नववीत होते. सोडली म्हणजे सोडलीच, पुन्हा तोंडात घातली नाही. पण चुन्याची डबी कपाटात जपून ठेवली होती. कधीतरी दुपारी उघडायचे, वास घ्यायचे, बंद करायचे. आई म्हणायची, “हात सुटलाय, जीव नाही सुटला.” बारा वर्षांनी एका पापनिवेदनानंतर घरी येऊन त्यांनी ती डबी स्वतः टाकून दिली. तेव्हा म्हणाले, “आता मनातून उतरली.”

सांजवातताई, ‘मनातून उतरणं’ बघा. पाप हातातून सुटतं, मनातून उतरत नाही.

अबोली
मी ख्रिस्ती नाही, पण मिसरचं वाचून राहवलं नाही. वाळवंटात त्यांना आठवत होते ते काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण, हो ना? आमच्या रामबागेतल्या घरी आषाढातल्या कांदेनवमीला आजी कांद्याची थालीपीठं, भजी, झुणका सगळं एकाच दिवशी करायची, कारण एकादशीपासून चातुर्मास, चार महिने कांदा-लसूण बंद. श्रावणात शेजारून फोडणीचा वास आला की आम्ही पोरं खिडकीत. आजी रागवायची नाही. म्हणायची, “जिभेला बांधलंय, नाकाला कुठं?” ते आठवून आत्ता डोळ्यांत पाणी आलं.

मोडी
कांदेनवमी इंदूरकडेही पाळतात हे माहीत नव्हतं. ग्वाल्हेर, बडोद्याकडे कसं आहे? कोणी सांगेल?

बडोदेकर
आमच्याकडे आहे. भरली वांगीही त्याच दिवशी, कारण वांगंही बंद. पण आता मूळ मुद्दा. हिंदी बायबलात ‘मन फिराओ’ आहे, मराठीत ‘पश्चात्ताप करा’. ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मन बदलणं. इथे मला हिंदी जास्त आवडतं. ‘पश्चात्ताप’ शब्दात नुसता मागाहूनचा ताप आहे, वळणं नाही. पाप केलं, तळमळलो, पुन्हा तिथेच गेलो, हाही पश्चात्तापच की.

शब्दवेडा
मराठीत ‘मन फिरणे’ म्हणजे बेत बदलणे किंवा एखाद्या गोष्टीवरून मन उडणे. ‘डोकं फिरणे’ तर वेगळंच. व्याख्यानात ‘मन फिरवा’ म्हटलं तर गोंधळ होईल. शिवाय ताप म्हणजे पोळणं. पोळलेला माणूस त्या विस्तवाकडे पुन्हा जात नाही. शब्दाला कमी लेखू नका.

बडोदेकर
जातो हो. मी गेलो आहे. एकदा नाही, अनेकदा. म्हणूनच म्हणतोय. पोळल्याची आठवण पुरत नाही, तिकडचं मनच उडावं लागतं. तुम्हीच दिलेला अर्थ आहे तो, आणि मला तोच हवा आहे.

सांजवात
काल बुधवार झाला. मी ‘पाप हातातून सुटलं, तरी मनातून उतरायला हवं’ असं वाचलं. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. मावशी म्हणाल्या, मनातून माणूस उतरतो, तो शब्द वाईट आहे, सून मनातून उतरली की घर फुटतं. मग त्यांनीच सांगितलं, “नाद म्हण. नाद सुटला पाहिजे.” इब्री लोकांस पत्रातलं (१२:१) ‘सहज गुंतवणारे पाप’ वाचलं तेव्हा मात्र म्हणाल्या, “हां, गुंता. हे कळलं. लोकरीचा गुंता ओढला की आणखी बसतो.”

फुशारकीचं सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “फुशारकी केलीय मी. मुलांची.”

शब्दवेडा
‘नाद’ जुगाराचा, पत्त्यांचा असतो. द्वेष, हेवा, अढी यांचा नाद कसा म्हणणार? ही पापं नाहीत का?

जुनी इंदूर
हेव्याचासुद्धा नाद असतो, दादा. शेजाऱ्याच्या दारातली नवी गाडी रोज खिडकीतून बघणं हा नादच. डोळ्यांची वासना तीच.

अबोली
‘वासना’वरून विचारायचं होतं. आजी आजारी असताना म्हणायची, “अन्नावर वासना नाही गं.” म्हणजे नुसती भूक नाही, खावंसं वाटत नाही. आणि दहाव्याला कावळा शिवेना की सगळे म्हणायचे, वासना कशात तरी अडकली. कुणाच्या नथीत, कुणाच्या नातवात. माझ्या मुलीला मात्र हा शब्द फक्त वाईट अर्थानंच माहीत आहे, तिच्यासमोर म्हटला तर ती दचकते. बायबलातली ‘डोळ्यांची वासना’ यातली कुठली? आजीची, की मुलीची?

मोडी
ग्रीक शब्द ‘एपिथुमिआ’, म्हणजे तीव्र इच्छा. तो चांगल्या अर्थानंही येतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू ‘हे वल्हांडणाचे भोजन तुमच्याबरोबर करावे अशी माझी फार इच्छा होती’ असं म्हणतो (लूक २२:१५), तिथे हाच शब्द आहे. म्हणजे आजीच्या बाजूनं एक मत. ‘वासना’ वस् धातूवरून, आत वस्ती करून राहिलेली, असं मला वाटतं.

लाल चर्चची गल्ली
वस्तीच का, वासच म्हणा ना. आमच्या बाबांची डबी.