प्रश्न केवळ रक्तदाबाचा नाही
रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवली की उतारवयात मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या शाबूत राहतात, हे मत बव्हंशी मान्य आहे. मात्र दोन्ही काबूत असूनही पन्नाशीच्या आसपास पक्षाघाताचे झटके येणारी माणसे असतात. अशांपैकी काहींना ‘कॅडासिल’ हा मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार असतो; त्यात नॉच-३ जनुकात दोष असतो (हा दुवा १९९६ साली सापडला). या जनुकाच्या प्रथिनात ठरावीक भागांत प्रत्येकी ६ सिस्टीन (प्रथिने ज्यांची बनतात त्यांपैकी एक अमिनो आम्ल) असायला हवेत, तिथे ५ किंवा ७ होतात. सिस्टीन एकमेकांशी जोड्या करतात; संख्या विषम झाल्याने जोडीविना एक उरतो आणि प्रथिनाचा पेशीबाहेरील भाग धमन्यांच्या स्नायुपेशींभोवती साचून त्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हा साठा त्वचेतल्या धमन्यांतही असतो, म्हणून निदानासाठी मेंदूला हात न लावता त्वचेचा लहानसा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो.