मदत हवी आहे: मस्टँग जीटी विंटर टायरवर रोज बर्फात चालवायची आहे, मागचा भाग निसटतो

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनमधे नोवायला राहतो, ऑफिस डिअरबॉर्नला. गाडी २०१९ ची मस्टँग जीटी, ५.० लिटर व्ही८, ४६० हॉर्सपॉवर, सहा गिअरची मॅन्युअल, परफॉर्मन्स पॅकवाली. घरातली दुसरी गाडी बायको नेते कारण पाळणाघर तिच्या वाटेवर आहे, म्हणजे एप्रिलपर्यंत मला हीच गाडी रोज काढावी लागणार. "विकून टाक आणि ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी) घे" हा सल्ला ऑफिसात रोज मिळतोय, तो कृपया इथे नको. गाडीवर जीव आहे आणि ती नीट चालवायला शिकायची मनापासून इच्छा आहे.

काय केलंय ते सांगतो. समर टायर नोव्हेंबरातच उतरवले, साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली त्यांचं रबर कडक होत जातं आणि इथे जानेवारीत पहाटे उणे दहा सहज असतं. चारही चाकांना पर्वताच्या आत बर्फाचा कण असं चिन्ह असलेले खरे विंटर टायर घातलेत, साइज कंपनीचीच ठेवली, पुढे २५५/४० आर१९, मागे २७५/४० आर१९ (पहिला आकडा रुंदी मिमीमधे, शेवटचा रिमचे इंच). ड्राइव्ह मोड स्नो-वेट वर. ब्रेक मस्त लागतात, पुढची चाकं वळवू तिकडे वळतात, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. गावाकडे सुमो चालवलीये त्यामुळे मागच्या चाकांवर चालणारी गाडी नवीन नाही, पण ही ताकद आणि हा बर्फ दोन्ही नवीन.

अडतंय ते दोन ठिकाणी. एक म्हणजे घराचा ड्राइव्ह-वे रस्त्याकडून गॅरेजकडे खाली उतरतो, सकाळी रिव्हर्समधे चढ चढून बाहेर यायचं तर मागची चाकं जागेवरच फिरतात, ट्रॅक्शन कंट्रोल पॉवर कापतो आणि गाडी तिथेच उभी. दुसरं जास्त भीतीचं आहे, फ्रीवेवरून उतरताना गोल रॅम्पवर तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला की मागचा भाग बाहेर जायला बघतो, आणि तेव्हा माझा पाय अॅक्सिलरेटरवर नसतो! रेस दिली म्हणून घसरली असती तर समजलं असतं, पण पाय काढल्यावर का? डिकीत वाळूची पोती टाकावीत का? आणि पुढच्या वर्षी १८ इंची अरुंद टायर घेतले तर ब्रेंबो कंपनीच्या कॅलिपरवर (रिमच्या आत बसणारा, ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) ती रिम बसते का?

मिनेसोटाकर: रॅम्पचं आधी बोलू कारण तिथे जिवाशी गाठ आहे. पाच लिटरचं इंजिन दुसऱ्या गिअरमधे खूप जोरात मागे ओढतं, आणि तुमच्या गाडीत ती सगळी ओढ फक्त मागच्या दोन चाकांवर येते. क्लच सोडलात की इंजिनचा आरपीएम (फिरण्याचा वेग) एकदम वर ओढला जातो, कोरड्या रस्त्यावर टायर ते सहन करतो, बर्फावर नाही, म्हणजे कुणीतरी फक्त मागचा हँडब्रेक ओढल्यासारखं होतं. त्यात पाय काढल्यामुळे वजन पुढे गेलेलं, मागचं आणखी हलकं. स्टॅबिलिटी कंट्रोल एकेका चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करायला बघतो पण नसलेली पकड तो कुठून आणणार?

म्हणून वेग रॅम्पच्या आधी सरळ रस्त्यावर ब्रेकनेच कमी करा, गिअर तिथेच बदला, क्लच सोडण्यापूर्वी थोडी रेस देऊन आरपीएम जुळवा आणि मग वळणात शिरा. वळणात दुसरा टाकायची गरजच पडू देऊ नका, तिसऱ्यात हळूहळू जाऊ दे, त्या इंजिनला काही होत नाही. तरीही मागचं निसटलंच तर क्लच पूर्ण दाबा, मागची चाकं मोकळी फिरायला लागली की बऱ्याचदा पकड परत येते, नजर जिकडे जायचंय तिकडे, स्टिअरिंग आपोआप तिकडे जातं, आणि गाडी सरळ व्हायला लागली की स्टिअरिंग लगेच परत आणा नाहीतर उलट्या बाजूला फेकली जाते. हे वाचून येत नाही. बर्फ पडल्यावर मोठ्या रिकाम्या पार्किंगमधे, दिव्याचे खांब नसतील तिथे, परवानगी विचारून, हळू वेगात मुद्दाम करून बघा.

गॅरेजवाला: ड्राइव्ह-वेचा उपाय फुकट आहे. चढावर गाडीचं वजन उताराकडच्या चाकांवर जातं. तुम्ही रिव्हर्समधे वर येता तेव्हा उताराकडे पुढची चाकं, ज्यांना ताकदच नाही, आणि ओढणारी चाकं वर, हलकी. संध्याकाळी येतानाच गाडी उलटी आत घ्या, सकाळी नाक वर करून निघा, तेच वजन मागच्या चाकांवर बसेल. दुसऱ्या गिअरमधे, क्लच सावकाश, रेस जेमतेम. अडकलीच तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून पुढे-मागे झुलवा, पण चाक भन्नाट फिरवू नका, खालचा बर्फ वितळून काचेसारखा होतो. आणि फावडं मारताना पार काँक्रीट दिसेपर्यंत मारा, चाकांच्या दोन पट्ट्या तरी.

वाळू टाका, हार्डवेअरच्या दुकानात ६० पौंडांची लांब नळीसारखी पोती मिळतात, दोन पुरे. डिकीच्या अगदी पुढे, सीटच्या पाठीला लागून, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या) जवळ, आणि बांधून. मागच्या टोकाला ठेवलीत तर निसटलेली गाडी आवरायला आणखी अवघड. सुटायला मदत होते, थांबायला नाही, ते लक्षात असू द्या. एखादं पोतं फोडून चाकाखाली टाकता येतं हा फायदा वेगळाच.

अरुंद टायरचं म्हणाल तर २०१९ च्या साध्या जीटीला कंपनी चारही चाकांना २३५/५० आर१८ देत होती, ताज्या बर्फात तो २७५ पेक्षा बराच सरस, रुंद टायर बर्फावर तरंगतो, अरुंद खाली कापत जातो. पण सहा पिस्टनच्या ब्रेंबोवर सगळ्या १८ इंची रिम बसत नाहीत, स्पोकचा आकार आडवा येतो. रिम बनवणारे कागदी टेम्प्लेट देतात, ते कापून कॅलिपरवर धरून बघा, मगच पैसे द्या. आणि हवा थंड गाडीत तपासा, तापमान दहा अंश फॅरनहाइट उतरलं की साधारण एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी होते. ट्रेड, म्हणजे टायरच्या खाचांची खोली, ४ मिमीच्या खाली गेला की बर्फासाठी तो टायर संपला असं समजा, कायद्याने चालत असला तरी.

धागाकर्ता: मंडळी, मनापासून आभार. रॅम्पवर मी चूक शोधत होतो उजव्या पायात आणि ती निघाली क्लचमधे, हे मला सुचलंच नसतं. गाडी आज उलटी लावली, फावडं मारून झालंय, वाळू उद्या आणतो. शनिवारी बर्फ सांगितलाय, ऑफिसमागच्या पार्किंगची परवानगी विचारली आहे. एक राहिलं: सराव करताना स्टॅबिलिटी कंट्रोल आधी चालू ठेवून करू की सुरुवातीपासून बंद?

मिनेसोटाकर: आधी चालू. तो नेमका कधी मधे पडतो, दिवा कधी लुकलुकतो ते ओळखा. मग बंद करून तेच वळण त्याहून हळू घ्या. रस्त्यावर आलात की परत चालू, न विसरता.