रिफर्बिश्ड कॉम्पॅक्ट कॅमेरा: मुलीचा पहिलाच कॅमेरा, घेताना काय बघू?

ओली_पायवाट

नमस्कार मंडळी,

मुलगी सातवीत आहे. गेलं वर्षभर माझा फोन घेऊन मुंग्या, कोळ्याची जाळी, पानामागची अंडी असलं काय काय टिपत असते. तासन्‌तास एका जागी बसते. फोटो काढता काढता वर मेसेज येतो, ती तो उघडते, आणि मुंगी निघून जाते. तिला स्वतःचा फोन इतक्यात द्यायचा नाही असं आम्ही ठरवलंय. पण तिचा हा नाद खरा आहे, तो मला जपायचाय. म्हणून तिच्या हातात मावेल असा छोटा, साधा कॅमेरा शोधतेय.

नवीन कॉम्पॅक्टमध्ये आता फार पर्याय उरलेले नाहीत, म्हणून रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला) बघतेय. तीन नजरेत आहेत: सोनी आरएक्स१०० (पहिला, २०१२ चा), कॅनन पॉवरशॉट एस९५ (२०१० चा), आणि एक १६ मेगापिक्सेल, १० पट झूमवाला. मेगापिक्सेल आणि झूम बघितलं तर तिसराच भारी वाटतो. कुठे ‘ग्रेड ए’, कुठे ‘ग्रेड बी’ लिहिलंय. एका ठिकाणी ‘सीसीडी सेन्सर’ म्हणून वेगळं कौतुक आहे. मला यातलं काही कळत नाही.

भीती एकाच गोष्टीची आहे. मागे एका ओळखीच्यांकडून जुना कॅमेरा घेतला होता. आठव्या दिवशी लेन्स अर्धी बाहेर येऊन तिथेच अडकली. पडद्यावर ‘लेन्स एरर’. त्या दिवशी तिचा चेहरा बघवत नव्हता. पुन्हा तसं व्हायला नको. हातात आल्यावर नेमकं काय तपासायचं, कुणी नीट सांगाल का?

कुसुंबी

एस९५ माझ्याकडे बरीच वर्षं आहे. पँटच्या खिशात मावतो, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेलं चित्र) देतो, लेन्सभोवतीचं कडं फिरवून अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) किंवा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) बदलता येतं. शिकणाऱ्याला हे कडं फार उपयोगी. हाताने फिरवलं आणि चित्र बदललं, असं दिसलं की गोष्ट डोक्यात बसते.

माझी अडचण कार्डाने केली होती, ती सांगते. एस९५च्या आधी मी २००४-०५च्या सुमाराचा एक कॅमेरा घेतला होता. ३२ जीबीचं कार्ड घातलं तर ‘कार्ड एरर’. मला वाटलं कॅमेरा खराब. नंतर कळलं की २ जीबीच्या वरची एसडीएचसी कार्डं २००६ पासूनची, त्याआधीच्या कॅमेऱ्याला ती वाचताच येत नाहीत. त्या काळातले काही फुजी आणि ऑलिंपस तर एक्सडी कार्ड घेतात, काही सोनी मेमरी स्टिक. ती कार्डं आता शोधत फिरावं लागतं. तुम्ही बघताय त्या सोनी-कॅननला साधं एसडी चालतं, पण कुणी याहून जुना काही सुचवला तर आधी कार्ड कोणतं ते विचारा.

भिंगाचा_खण

ताई, मी अकरा वर्षं कॅमेरा दुरुस्तीच्या टेबलावर बसतो. त्यातली शेवटची चार रिफर्बिश करायच्या कामात गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिफर्बिश्ड या शब्दाला सगळीकडे एकच अर्थ नाही. कुठे कॅमेरा उघडून धूळ काढतात, झिजलेला भाग बदलतात, प्रत्येक बटण दाबून बघतात. कुठे नुसता बाहेरून पुसतात, सेटिंग मूळपदावर आणतात आणि डब्यात घालतात. ग्रेडचं म्हणाल, तर ती बहुतेक ठिकाणी वरच्या रूपाची असते. ओरखडे किती, रंग कुठे उडालाय, एवढंच. ग्रेड सी आणि लेन्स स्वच्छ, असा नग मी शिकणाऱ्या मुलीसाठी डोळे मिटून घेईन. ग्रेड ए आणि आत बुरशी, असेही माझ्या टेबलावर आलेत. म्हणून विक्रेत्याला ग्रेड विचारण्यापेक्षा हे विचारा: कोणता भाग बदलला, वॉरंटी किती महिने, आणि परत करायला किती दिवस. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे घेऊच नका.

आता तुमच्या अडकलेल्या लेन्सबद्दल. कॉम्पॅक्टचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे चालू केल्यावर पुढे येणारी ती नळी. एकात एक सरकणाऱ्या दोन-तीन नळ्या, त्यांना फिरवणारी प्लास्टिकची दातेरी चाकं, आणि कागदासारखी पातळ वायरची पट्टी. चाकं इतकी बारीक की चिमट्यात धरली तरी निसटतात. दोन नळ्यांमधल्या फटीत वाळूचा एक कण गेला, किंवा नळी बाहेर असताना कॅमेरा पडला, की नळी तिरकी होते, मोटर ओढते, सरकत नाही, आणि कॅमेरा सगळं थांबवून एरर दाखवतो. तुमचा आधीचा बहुधा असाच गेला. त्यात तुमच्या मुलीचा काही दोष नाही, हे तिला नक्की सांगा. असा नग आधीपासूनच कुरकुरत असतो, आणि ऐकणाऱ्याला ती कुरकुर ऐकू येते.

म्हणून पहिली तपासणी कानाने. रात्री शांत खोलीत कॅमेरा कानाजवळ धरायचा आणि वीस वेळा चालू-बंद करायचा. एकदा आडवा धरून, एकदा लेन्स वर करून, एकदा खाली करून. आवाज प्रत्येक वेळी सारखा यायला हवा. मधेच कर्र झालं, नळी क्षणभर अडखळून पुढे गेली, लेन्सवरच्या दोन पापण्यांपैकी एक अर्धी मिटली, तर तो नग परत. आज चालतोय म्हणून ठेवून घेऊ नका.

दुसरी गोष्ट धूळ. नळी पुढे-मागे होताना भात्यासारखी हवा आत ओढते, आणि धूळ जाऊन सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपवर, बसते. लेन्स काढता येणाऱ्या कॅमेऱ्यात सेन्सर साफ करता येतो, इथे मात्र अख्खा कॅमेरा उघडावा लागतो. पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा फोटो घ्या. अ‍ॅपर्चर बदलता येत असेल तर एस९५वर एफ/८, आरएक्स१००वर एफ/११, म्हणजे छिद्र सगळ्यात लहान, ठेवा. फोकस थोडा बिघडला तरी चालेल. तो फोटो संगणकावर मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका दिसला तर ती सेन्सरवरची धूळ. लेन्सच्या पुढच्या काचेवरचा एखादा कण सहसा फोटोत उमटत नाही, त्याला घाबरू नका. मग लेन्स हाताने पूर्ण झाकून काही सेकंदांचं एक्स्पोजर द्या, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं राहू द्या. काळ्या चित्रात एखाद-दुसरा रंगीत बिंदू असतोच, पण आडवी-उभी रेघ दिसली तर सेन्सर गेला समजा. शेवटी टॉर्च तिरका मारून लेन्समध्ये बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी, तो कॅमेरा नको.

बॅटरीचं झाकण उघडून आतले पितळी पत्रे बघा. हिरवट-पांढरी पूड म्हणजे ओल गेलेली. झाकणाची खिटी प्लास्टिकची असते, ती तुटलेली असेल तर कॅमेरा कधीही हातातच बंद पडतो. बॅटरी जुनीच असेल हे गृहीत धरा. न वापरतासुद्धा लिथियम-आयन वयाने उतरतेच. बाजूने जरा जरी फुगलेली दिसली तर वापरू नका आणि चार्जही करू नका.

एक मात्र कळकळीने सांगतो. कॅमेरा घरी उघडू नका, मुलीलाही उघडू देऊ नका. फ्लॅशचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो बराच वेळ तसाच राहतो. आम्ही तो आधी रिकामा करतो, मगच आत हात घालतो.

आता मॉडेलचं. तुमच्या तिसऱ्या कॅमेऱ्याचे १६ मेगापिक्सेल १/२.३ इंची सेन्सरवर कोंबलेत. तो सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा. आरएक्स१००चा १३.२ बाय ८.८. म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ चौपट. घरातल्या उजेडात फरक लगेच दिसतो. एस९५चा सेन्सर या दोघांच्या मधला, १/१.७ इंची, १० मेगापिक्सेल. नुसती कुणालाही शिफारस करायची असती तर मी आरएक्स१०० म्हटलं असतं.

पण तुम्ही लिहिलंय मुंग्या! तिथे हा मोठा सेन्सर आडवा येतो. आरएक्स१०० वाइडला, म्हणजे झूम न करता, ५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जातो, पण पूर्ण झूम केलं की ५५ सेंटिमीटर लांब राहावं लागतं. मुंगी ठिपक्याएवढी दिसणार. तिच्या हौसेला ऑलिंपस टफ टीजी-४ बघा, २०१५ चा. त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस होतो, तोही झूम केलेलं असताना. सेन्सर १/२.३ इंचीच, त्यामुळे अंधारात तो आरएक्स१००पुढे टिकणार नाही. पूर्ण मॅन्युअल मोडही नाही, मात्र रॉ फाइल मिळते. आणि तुमच्या भीतीवर इलाज असा की त्याची लेन्स पुढे येतच नाही. झूम सगळं आतल्या आत. अडकायला नळीच नाही.

पानगळ_८२

भिंगाचा_खण यांच्या प्रतिसादाला +१. पण सीसीडीबद्दल, म्हणजे त्या जुन्या प्रकारच्या सेन्सरबद्दल, कुणीच बोललं नाही. माझ्या जुन्या सीसीडी कॅमेऱ्यातले फोटो मला आजही जास्त आवडतात. त्वचेचा रंग, फ्लॅशमधला तो कडक उजेड, सगळं वेगळंच वाटतं. मुलीला तो आनंद मिळावा असं वाटतं.

भिंगाचा_खण

आवडतात हे मान्यच आहे, त्यात वाद नाही. फक्त ते श्रेय एकट्या सीसीडीचं नाही. रंग ठरतो तो सेन्सरवरच्या रंगीत फिल्टरने आणि कॅमेऱ्याच्या आतल्या प्रक्रियेने. त्या काळातल्या कंपन्या जेपेग (कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो) जरा गडद, कडक ठेवायच्या. एस९५ सीसीडीवाला आहे, तो घेतला तर दोन्ही साधेल. पण ‘सीसीडी’ लिहिलंय म्हणून कुणी किंमत चढवून सांगत असेल तर देऊ नका, ते पैसे नवीन बॅटरी आणि चांगल्या कार्डावर घाला.

ओली_पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. भिंगाचा_खण, ‘तिचा दोष नाही’ हे वाक्य मी तिला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण रात्री स्वतःहून कॅमेऱ्यांची माहिती बघायला माझ्याशेजारी येऊन बसली.

टीजी-४ मिळाला, ग्रेड बी. परतीची मुदत चौदा दिवस. एका कोपऱ्यावरचा रंग उडालाय, पट्टा लावायची कडी घासलीय. झूमचा आवाज वीस वेळा ऐकला, सारखा आहे. भिंतीचे फोटो आम्ही दोघींनी मिळून तपासले, ठिपका नाही. टॉर्चही मारून बघितला. काल तिने भिंतीवरून चाललेली मुंगी टिपली. पंख ओढत नेत होती. मिशीच्या टोकावरचे केस दिसताहेत. मी आयुष्यात मुंगीला केस असतात हे पहिल्यांदा बघितलं.

दोन शंका आहेत. बॅटरीच्या झाकणाच्या आत राखाडी रबराची कड आहे, तिच्यावर एक बारीकसा केस चिकटला होता आणि एका ठिकाणी रबर किंचित दबल्यासारखं वाटतं. हा पाण्यात चालतो असं लिहिलंय, तर पावसात नेऊ देऊ का? आणि बॅटरी बदलली की प्रत्येक वेळी तारीख-वेळ पुन्हा विचारतो. हा दोष समजायचा का?

भिंगाचा_खण

मुंगीचा फोटो इथे टाका, बघायचाय.

रबराचं आधी. १५ मीटर पाण्यात चालतो हे नवीन कॅमेऱ्याबद्दल लिहिलेलं असतं, आणि तेही ती कड स्वच्छ आणि अखंड असेल तर. एक केस आडवा आला तरी तिथून पाणी आत शिरतं. इतक्या वर्षांचं आणि दबलेलं रबर, त्यावर मी विसंबणार नाही. पाण्यात बुडवू नका. चुकून दोन शिंतोडे उडाले तर पुसून घ्या, झाकण लगेच उघडू नका.

तारखेचं असं की आत एक छोटा सेल असतो. मुख्य बॅटरीच त्याला चार्ज करते. कॅमेरा बरेच महिने बॅटरीशिवाय पडून असेल तर तो पूर्ण उतरतो. भरलेली बॅटरी घालून, तारीख लावून, एक दिवस कॅमेरा तसाच ठेवा. मग बॅटरी एक रात्र काढून ठेवा आणि सकाळी घाला. तारीख टिकली तर काळजी नाही. पुन्हा विचारली तर तो सेल गेलाय, आणि तुमचे चौदा दिवस अजून संपलेले नाहीत.

ओली_पायवाट

तारीख टिकली. मुंगी खाली जोडलीय, दुसरा फोटो कोळ्याच्या अंड्यांचा आहे, तो तिने पाठवायला सांगितलाय.